शुभेच्छुक, समस्त बाजारगल्ली

आमच्या गल्लीत कुणाला नावाने हाक मारायची पद्धत नाही. गल्ली म्हणजे क्योतोतली एक जुनी बाजारपेठ. वरून छप्पर, दोन्ही बाजूंना दुकानं, त्यातली बरीचशी कायमची शटर ओढून बसलेली. इथे माणूस ओळखला जातो तो दुकानावरून, आणि पुढे आदराचं ‘सान’ लागतं. तोफू करणारे सत्तरीचे आजोबा ते तोफू-सान. हिरव्या चहाची पानं विकणारे आमच्या व्यापारी संघाचे अध्यक्ष ते चहा-सान. आणि गेली सहा वर्षं दुपारी डाळभात, बटाट्याची भाजी आणि चिकन रस्सा विकणारी मी करी-सान. माझा नवरा विद्यापीठात संशोधक आहे, त्याचे पेपर जगभर वाचतात म्हणे, पण गल्लीत तो ‘करी-सानचा नवरा’. मला हे फार आवडतं, त्याला तितकंसं नाही.

तर या गल्लीने दोन वर्षांपूर्वी एक मुलगी दत्तक घ्यायची ठरवली. दत्तक हा आपला माझा शब्द. त्यांच्या कागदावर ‘पाठिंबा’ असं होतं. मुलगी जवळच्या एका विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला होती आणि तिथल्या एकिदेनच्या क्लबमध्ये होती. एकिदेन म्हणजे रस्त्यावरची लांब पल्ल्याची रिले. हातात काठी न देता अंगावरचा पट्टा काढून पुढच्या मुलीकडे द्यायचा, आणि तिने सुसाट सुटायचं. शर्यतीला सहा मुलींचा संघ. आमची ही संघात आत-बाहेर करणारी, कधी सहावी तर कधी सातवी. चॅम्पियन वगैरे काही नाही.

ती सापडली कशी, तेही सांगते. गल्लीच्या टोकाला कोनबिनी आहे, चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान. तिथे ती पहाटे पाच ते आठ काउंटरवर असायची. घरून येतं ते फी आणि भाड्यात संपतं, म्हणून ही नोकरी. एके दिवशी तिची सायकल पंक्चर झाली आणि ती दुकानाचा युनिफॉर्म घालून पळत कामावर निघाली. त्या वेळी गल्लीत जागे असतात ते एकटे तोफू-सान. सोयाबीनचं पातेलं ढवळता ढवळता त्यांनी तिला दारावरून जाताना पाहिलं. नंतर त्यांनी चहा-सानना सांगितलं, ‘ते पाय काउंटरमागे उभे राहायला नाहीत.’ एवढंच. तोफू-सान दिवसाला दहा वाक्यं बोलत असतील, त्यातलं एक त्यांनी यावर खर्च केलं म्हणजे बघा.

मग बैठका सुरू झाल्या. जपानी बैठक म्हणजे नमनालाच घडाभर तेल. चहा-सानच्या दुकानाच्या माडीवर आम्ही अकरा दुकानदार गुडघे दुमडून बसायचो. ठरलं असं की प्रत्येक दुकानाने दरमहा थोडं थोडं द्यायचं, म्हणजे तिला पहाटेची नोकरी सोडता येईल आणि सकाळी पळता येईल. त्याबदल्यात तिच्या जाकिटाच्या बाहीवर गल्लीचं नाव, दुकानांच्या पोस्टरवर तिचा फोटो, आणि आमच्या शरदातल्या जत्रेला तिची हजेरी. झाला करार. नटनट्या तेल-साबणाची जाहिरात करतात तसंच, फक्त इथे तेल नव्हतं, साबण नव्हता, होता तोफू आणि डाळभात.

मला खरं कुतूहल होतं ते वेगळंच. मी सरळ विचारलं, ‘तिच्या फोटोमुळे तुमचा तोफू जास्त खपेल का?’

तोफू-सान म्हणाले, ‘तोफू दुपारपर्यंत संपतोच. जास्त करायला माझे हात नाहीत.’

‘मग तुम्हाला काय मिळणार?’

सार्वजनिक न्हाणीघर चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, ती अंघोळीला येईल तेव्हा बाकीच्या म्हाताऱ्या तिला विचारतील, आज किती पळालीस, तेवढाच बोलायला विषय. चहा-सान म्हणाले, ‘करी-सान, प्रश्न चांगला आहे,’ आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. जपानी माणसाने प्रश्न चांगला आहे म्हटलं की समजावं, उत्तर मिळणार नाही.

मी मूळची सांगलीकडची, लग्नानंतर पुण्याची. आमच्याकडे हे सगळं होतंच की! तालमीतल्या पैलवानाला अख्खा गाव खुराक पुरवायचा. कुणी बदाम, कुणी तूप, आणि आमच्या घरून रोज एक तांब्याभर म्हशीचं दूध. मी लहानपणी वडिलांना विचारलं होतं, तो कोण लागतो आपला? वडील म्हणाले, ‘लागत कुणी नाही. पण उद्या मैदानात उतरला की त्याच्या अंगात आपलं दूध असणार.’ आणि तो हरला की हेच वडील घरी येऊन त्याच्या नावाने शंख करायचे. जिंकला तर खांद्यावर, हरला तर शिव्या. हा हिशोब मला कळत होता. इथे शिव्या द्यायला कुणी तयार दिसत नव्हतं, म्हणून मला यांचं कोडं उलगडत नव्हतं.

करार असाच तोंडी चालत नाही. मुलीच्या क्लबची आणि विद्यापीठाच्या ऑफिसची लेखी परवानगी लागणार होती. क्लबचा नियम स्वच्छ होता, की परवानगीचा कागद हातात येईपर्यंत मुलीचं नाव किंवा चेहरा कुठल्याही दुकानाने जाहिरातीत वापरायचा नाही. वापरला आणि मुलीला ते ठाऊक असलं, तर मुलगी क्लबच्या बाहेर. चहा-सानांनी हे तीनदा वाचून दाखवलं. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, ‘कागद येईपर्यंत जाहिरात नाही.’ माझ्याकडेच का बघितलं, असा मला तेव्हा राग आला होता. आता नाही येत.

सप्टेंबरात संघ जाहीर झाला आणि तिचं नाव सहात होतं! विभागीय शर्यत पाच आठवड्यांवर, आणि आमची पोरगी तिसऱ्या टप्प्यावर पळणार. गल्लीत आनंद म्हणजे काय, तर चहा-सानांनी सूचना-फळ्यावर एक चिठ्ठी लावली, तळहाताएवढी. मी म्हटलं, अरे, हे काय? आमच्याकडे नगरसेवकाच्या मेव्हण्याचा वाढदिवस असला तरी चौक झाकला जातो, आणि इथे मुलगी विद्यापीठाच्या संघात निवडून आली आणि तिला एवढंसं चिटोरं!

मी पुण्याला भावाला फोन लावला. त्याच्या मित्राचं फ्लेक्सचं दुकान आहे.

‘ताई, तू फक्त फोटो पाठव,’ भाऊ म्हणाला. ‘आपला माणूस आहे. नाद करायचा नाय.’

मी मुलीचा पळतानाचा फोटो पाठवला. गल्लीच्या वर्षअखेरच्या पार्टीतले दुकानदारांचे फोटो पाठवले. माझ्या लेकीकडून तिचं नाव जपानी अक्षरांत टाइप करून घेतलं. आणि आठवड्याने सुटीहून परतणाऱ्या एका सॉफ्टवेअरवाल्याच्या बॅगेतून फ्लेक्स क्योतोत पोचला.

उघडला आणि माझं मन भरून आलं. काय फ्लेक्स होता! मागे सोनेरी किरणं. मध्ये आमची पोरगी, खऱ्यापेक्षा दुप्पट. तिच्या शेजारी झेपावणारा एक चित्ता, तो दुकानदाराने आपल्या मनाने घातला होता, फुकट. वर तिचं नाव, त्याखाली मराठीत ‘हार्दिक शुभेच्छा!’ आणि खाली ओळीने गोल-गोल फोटो, प्रत्येकाखाली दुकानाचं नाव. डोक्याला टॉवेल गुंडाळलेले तोफू-सान, चष्मा पुसणारे चहा-सान, सगळे शुभेच्छुक. कोपऱ्यात हात जोडून, गॉगल लावून मी, बाकीच्यांच्या तिप्पट, आणि खाली ‘संकल्पना’.

मी भावाला विचारलं, ‘अरे, माझा फोटो एवढा मोठा कशाला?’

‘खर्च कुणी केला?’ तो म्हणाला.

लेक बाराची आहे, मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देते. तिने फ्लेक्सकडे पाहिलं आणि जपानीत एकच शब्द म्हणाली, त्याचा अर्थ ‘लाजिरवाणं’. नवरा म्हणाला, ‘अगं, परवानगी आली का पण?’ मी म्हटलं, ‘ही जाहिरात नाहीये. या शुभेच्छा आहेत.’ आणि मी खोटं बोलत नव्हते. माझ्या डोक्यात ही दोन खाती पक्की वेगळी होती. जाहिरात म्हणजे काहीतरी विकणं. शुभेच्छा म्हणजे शुभेच्छा. त्याखाली दुकानाचं नाव असतं, कारण माणसाला कुठलं तरी नाव असायला हवं की नको?

रविवारी सकाळी सहाला मी तोफू-सानकडून शिडी मागितली. ते स्वतःच घेऊन आले आणि धरून उभे राहिले. फ्लेक्स छपराच्या आडव्या दांड्याला बांधून मी खाली उतरले. त्यांनी वर पाहिलं. स्वतःच्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं, मग डोक्यावरच्या टॉवेलला हात लावून पाहिला.

‘चहा-सानना विचारलंय ना?’ त्यांनी विचारलं.

‘शुभेच्छाच तर आहेत,’ मी म्हटलं. मी घाईत होते. ओसाकात मराठी मंडळींचा गणपतीचा कार्यक्रम होता आणि मोदकांची जबाबदारी माझ्यावर होती. सातच्या गाडीने नवरा, लेक आणि मी निघालो.

दिवसभर मी खुशीत. ओसाकातल्या बायकांना फ्लेक्सचा फोटो दाखवला. सगळ्यांनी वाहवा केली. संध्याकाळी परतीच्या गाडीत चहा-सानचा फोन आला. चहा-सान फोनवर आवाज चढवत नाहीत, ते सावकाश बोलतात, आणि त्या दिवशी ते फारच सावकाश बोलत होते. कुणीतरी शर्यतींचा शौकीन गल्लीतून गेला होता, त्याने फोटो काढून इंटरनेटवर टाकला होता, आणि तो मुलीच्या कोचपर्यंत पोचला होता. ‘तुम्ही उतरलात की थेट गल्लीत या,’ ते म्हणाले. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने ‘मी म्हटलं होतं’ असं म्हटलं नाही, पण खिडकीबाहेर असं काही बघत बसला की म्हटल्यात जमा. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

दोन दिवसांनी आम्ही विद्यापीठात गेलो. चहा-सान, तोफू-सान आणि मी. चहा-सानच्या हातात मिठाईचा खोका होता, माफी मागायला जाताना तो न्यावाच लागतो. मी मात्र मनात भांडणाची तयारी करून गेले होते. शुभेच्छा आणि जाहिरात यांतला फरक मी समजावून सांगणार होते, मुद्देसूद, अगदी चित्त्यासकट.

कोच म्हणजे चाळिशीच्या आतली एक सडपातळ बाई, गळ्यापर्यंत चेन ओढलेलं ट्रॅकचं जाकीट. शेजारी मुलगी उभी, नजर जमिनीवर. आत शिरताच चहा-सान कंबरेतून वाकले आणि म्हणाले, ‘ही आमच्या गल्लीची चूक आहे.’ गल्लीची! मी तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं. तोफू-सान वाकले. मग मी वाकले, अर्धा सेकंद उशिरा.

कोच रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला रागावर बोलता येतं. त्या म्हणाल्या, ‘तुमचा हेतू मला समजतो. पण माझ्या क्लबमध्ये चौदा मुली आहेत. कुणाच्या मागे गल्ली आहे, कुणाच्या मागे कुणीच नाही. नियम त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्या मागे कुणी नाही.’ मग मुलीकडे वळल्या. ‘तुला हे कधी कळलं?’

‘संध्याकाळी,’ मुलगी म्हणाली. ‘तुमचा फोन आल्यावर.’

‘नक्की?’

‘हो.’

कोच आम्हाला म्हणाल्या, ‘माहीत असून ती गप्प बसली असती तर मी तिला क्लबमध्ये ठेवू शकले नसते. तसं नाही, म्हणून ती क्लबमध्ये राहील. पण ही शर्यत ती पळणार नाही. तुमच्या पाठिंब्याचा कागदही सध्या माझ्याकडेच राहील.’

‘चूक माझी आहे,’ मी म्हटलं. ‘शिक्षा मला द्या ना. मुलीला का?’

‘तुम्ही माझ्या संघात नाही आहात,’ त्या म्हणाल्या.

तोफू-सान अजून वाकलेलेच होते. मला वाटलं कंबर धरली असेल. चहा-सानांनी हात देऊन त्यांना सरळ केलं.

नंतरचे तीन आठवडे मला कुणी रागाचा एक शब्द बोललं नाही. आमच्याकडे असतं तर निदान चार जणांनी झापलं असतं, मी उलट चार शब्द सुनावले असते, आणि मोकळी झाले असते. इथे न्हाणीघरवाल्या बाई माझ्याकडे डाळभात घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, आज मीठ अगदी बरोबर आहे. मला हुंदकाच आला. पहाटे मुलगी अजूनही कोनबिनीच्या काउंटरमागे उभी राहत होती, आणि आठला सुटून माझ्या दुकानावरून जाताना पूर्वीसारखीच वाकून नमस्कार करत होती. तिने निदान मान फिरवावी असं मला वाटायचं. नवरा म्हणायचा, जेव गं. जेवण जायचं नाही. एका पोरीची आयुष्यातली एक शर्यत मी खाल्ली होती, वर गॉगल लावून.

शर्यतीच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. मी म्हटलं होतं, ती पळणार नाही तर कशाला जायचं? चहा-सानांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं होतं, उद्या दुकान कशाला उघडायचं. तिसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीला, जिथे पट्टा बदलतो, तिथे आम्ही छोटे कागदी झेंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. आमची पोरगी तिथेच होती, संघाचं लांब जाकीट घालून. तिच्या जागी पहिल्या वर्षाची एक मुलगी पळणार होती, तिचा कोट आणि पाण्याची बाटली धरणं हे हिचं काम. ही त्या बारक्या मुलीचे तळवे आपल्या हातांत घेऊन चोळत होती, आणि काहीतरी सांगत होती.

पट्टा आला. बारकी सुटली. आणि आमची सगळी गल्ली, तोफू-सानसकट, त्या परक्या मुलीच्या नावाने ओरडायला लागली! तोफू-सानचा आवाज एवढा मोठा असेल हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी नाही ओरडले. मला ती मुलगी चोर वाटत होती, खरं सांगते. ती रस्त्यावरच्या कमानीपलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा मला लाज वाटली, पण तोवर ओरडायची वेळ गेली होती.

गर्दी पांगल्यावर मुलगी माझ्याजवळ आली. बारकीचा कोट तिच्या हातात घडी घालून होता. आम्ही पेयांच्या मशीनपाशी उभ्या राहिलो. मी म्हटलं, ‘मला माफ कर.’ हे मी तिला आधीही म्हटलं होतं, पण त्या वेळी चार माणसं होती. ‘तू आज इथे पळायला हवी होतीस. माझ्या उतावीळपणामुळे तू कोट धरून उभी आहेस.’

तिने कोट दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, ‘करी-सान, मी पाहिला होता तो.’

‘काय?’

‘बॅनर. सकाळी आठला, कामावरून सुटल्यावर. मला नियम माहीत होता. तोफू-सान बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, उतरवू का? शिडी तिथेच होती. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत राहू दे.’

मी विचारलं, ‘का गं?’

‘मी रोज त्या गल्लीतून जाते. कुणी बघत नाही, बघण्यासारखं काही नसतंच. त्या दिवशी येणारी-जाणारी माणसं थांबून वर बघत होती.’ तिने कोटाची घडी पुन्हा घातली. ‘मला वाटलं, एकच दिवस. आणि तो चित्ता मला फार आवडला.’

अस्सा राग आला मला! तीन आठवडे! तीन आठवडे मी स्वतःला भाजून काढत होते, भाताचा घास उतरत नव्हता, आणि ही बया सगळं जाणून रोज वाकून नमस्कार करत होती! आणि ते म्हातारबाबा! मी वळून पाहिलं तर तोफू-सान चार हातांवर उभे राहून झेंड्याची काडी नीट करत होते. कोचसमोर माझ्याच शेजारी वाकले होते ते, आणि ब्र काढला नव्हता. बोलले असते तर माझी बाजू थोडी हलकी झाली असती आणि ही कायमची क्लबच्या बाहेर गेली असती. त्यांनी मला बुडू दिलं. मला दोघांनाही धरून हलवावंसं वाटलं, आणि त्याच वेळी मला त्या पोरीला पोटाशी धरावंसं वाटलं. दोन्हींतलं मी काहीच केलं नाही, कारण समोरून कोच येत होत्या.

त्यांनी आधी आल्याबद्दल आमचे आभार मानले. मग म्हणाल्या, ‘करी-सान, एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ही रविवारी आठला कामावरून सुटते आणि तुमच्याच गल्लीतून घरी जाते. तुम्ही बॅनर किती वाजता लावलात?’

मी तोंडावर बोलणारी बाई आहे. बसच्या ड्रायव्हरशी, लेकीच्या शाळेशी, सोसायटीच्या कचऱ्याच्या कमिटीशी मी खरं बोलून भांडलेली आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. मुलगी माझ्या शेजारी उभी होती.

‘दहाला,’ मी म्हटलं.

दहाला मी ओसाकात मोदक वळत होते, तीस बायकांच्या देखत.

‘दहाला,’ कोच म्हणाल्या.

‘दहा वाजून गेले होते,’ मागून तोफू-सान म्हणाले. ते कधी जवळ आले होते मला कळलं नव्हतं. ‘शिडी मी धरली होती. त्या दिवशी तोफू लवकर संपला, म्हणून वेळ लक्षात आहे.’

एका दमात तोफू-सानांनी बोललेली ही सगळ्यात जास्त वाक्यं. कोचनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शेवटी मुलीकडे पाहिलं, आणि तिच्यावर नजर बराच वेळ ठेवली. मुलगी काही बोलणार असं मला वाटलं. तिने ओठ उघडलेही. मी माझ्या बुटाने तिचा बूट दाबला.

‘उद्यापासून तुझी सकाळची प्रॅक्टिस सहाला,’ कोच तिला म्हणाल्या. ‘बाकीच्यांबरोबर. कोनबिनीत आजच सांगून टाक.’

सहाला प्रॅक्टिस म्हणजे पहाटेची नोकरी बंद, आणि नोकरी बंद म्हणजे आमचा कागद मंजूर. मला कळायला क्षणभर लागला. वडिलांना मी जे विचारलं होतं आणि चहा-सानच्या माडीवर पुन्हा विचारलं होतं, त्याचं उत्तर आता मला कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, पण मला काय मिळालं ते माझ्या छातीत धडधडत होतं. मी रस्त्यात, सगळ्यांसमोर, ओक्साबोक्शी रडायला लागले.

कोच गोंधळल्या. त्यांनी खिशातून रुमाल काढून मला दिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘इतकं मनाला लावून घेऊ नका,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही प्रामाणिकपणे चूक कबूल केलीत, तेवढं पुरे आहे.’

मी आणखीच रडले.